नवरी उचलण्याचा सराव

तमाम वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे आणि तिला मामा नाही अशा कुटुंबांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नवरी कंबरेतून वाकून उचलू नये. गुडघे दुमडावेत, पाठ सरळ ठेवावी, पोटात श्वास भरून घ्यावा आणि नवरीला छातीशी धरून मांड्यांच्या जोरावर उभं राहावं. या सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यास नवरी, पाठ किंवा अब्रू यांपैकी जे काही मोडेल, त्याला आमचा वर्ग जबाबदार राहणार नाही.

ही सूचना मी पूर्ण शुद्धीत आणि अनुभवाने देत आहे. आधी मी शाळेत पी.टी. शिकवायचे. आता श्रीवर्धनात बायकांना वजन उचलायला शिकवते. दोन्हीकडे मला ‘बाई’च म्हणतात, त्यामुळे मी नोकरी सोडली हे निम्म्या गावाच्या अजून लक्षात आलेलं नाही. बाजारात भेटले की माणसं पोट आत घेऊन सरळ उभी राहतात. मला ते आवडतं, म्हणून मीही काही सांगत नाही.

आमचा वर्ग भरतो रुबीनाभाभींच्या वाडीत, सुपारी ठेवायच्या जुन्या वखारीत. भाभींचे मिस्टर कुवेतला असतात. वखार बायकांना द्यायची का, असं त्यांना फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले की विचार करून सांगतो. त्यांचा विचार अजून चालू आहे आणि आमचा वर्गही. सुपारीचा हंगाम आला की पोती आत येतात. इतर ठिकाणी व्यायामाचं सामान हलवून माल ठेवतात. आम्ही मालच उचलतो. त्याशिवाय वाळूने भरलेले तेलाचे डबे आहेत, दोन वरवंटे आहेत आणि एक जुना पाटा आहे. तो पाटा छातीशी धरून बसून उठता आलं, की ती बाई आमच्याकडे पदवीधर समजली जाते.

बाहेरच्यांना हा धंदा फार गूढ वाटतो. तो तसा नाही. माणसाच्या अंगात ओढणं, ढकलणं, बसून उठणं, वाकून उचलणं आणि उचललेलं घेऊन चालणं, एवढंच चालतं. आज थोडं वजन, ते सोपं झालं की आणखी थोडं. मधे विश्रांती आणि पोटात नीट अन्न. बस. अवघड असतं ते बायकांना पटवणं. एक जण आली ती फक्त डाव्या दंडाचा घेर कमी करायला, कारण शिंप्याने ब्लाउज एकीकडे घट्ट शिवला होता. तिला मी शिंप्याकडे परत पाठवलं. दुसरी म्हणाली, उठाबशा काढणार नाही, त्या शिक्षेच्या असतात. तिला मी म्हटलं, मग विळीवर बसतेस तशी बस आणि नारळ खवून झाल्यासारखी ऊठ. नारळ खवायला ती लगेच तयार झाली. पाच-दहा नारळ खवून झाल्यावर तिला संशय आला, पण तोवर मांड्यांचं काम झालं होतं.

एक खंतही आहे. एक कोळ्यांची पोर आमच्याकडे यायची. अशी ताकद मी शाळेतल्या मुलांमध्येही पाहिली नव्हती. दंड पुरुषासारखे दिसायला लागले, असं सासरी कुणीतरी म्हणालं आणि ती यायची थांबली. आता ती बंदरावर माशांच्या पाट्या उचलते. तिथे तिचे दंड कुणाला खुपत नाहीत. हे मला अजून पचलेलं नाही.

तर, खाण्याविषयी. बायका विचारतात की बाई, ताकदीसाठी काय आणायचं, कुठली पावडर. मी सांगते, काही आणू नका, जे रांधता ते खा. आपल्याकडे कडव्या वालांचं बिरडं आहे, कुळथाचं पिठलं आहे, अंडी आहेत, नाचणीची भाकरी आहे आणि दारात समुद्र आहे. मासा तेलात पोहवायची गरज नाही, तो आयुष्यभर पोहून आलेला असतो. तव्यावर चमचाभर तेल पुरतं. पण माझा खरा नियम एकच. सुरमई कापली की मधली तुकडी आधी आपल्या ताटात काढून ठेवायची. कारण मी घरोघरी पाहिलं आहे, मधल्या तुकड्या पुरुषांना, त्यांच्या खालच्या मुलांना, आणि रांधणारीला शेपूट. वर ती सांगते की मला शेपूटच आवडतं. मी विचारते, दुसरी तुकडी कधी खाल्लीस का? मग ती आठवत बसते.

या एका नियमाने श्रीवर्धनात जेवढी खळबळ माजली तेवढी निवडणुकीतही माजत नाही. सुलभाताईंचे यजमान वसंतराव तर वखारीच्या दारात येऊन उभे राहिले. चार बायका पोती उचलत होत्या म्हणून आत यायचा धीर होईना. बाहेरूनच म्हणाले, की बाई, काल ही माझ्यासमोर बसून मधली तुकडी खात होती, आणि माझ्याकडे बघत खात होती. मी म्हटलं, मग तुम्ही काय केलंत? तर म्हणाले, काय करणार, शेपूट खाल्लं. काटे फार असतात हो त्यात.

याच सुलभाताईंची ही गोष्ट आहे.

पन्नाशीच्या जवळ आलेल्या, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गुडघे दुखतात म्हणून आल्या होत्या. गुडघे बरे झाले तरी येत राहिल्या. एक दिवस सगळ्या गेल्यावर पदर खोचत म्हणाल्या, “बाई, माणूस उचलायला शिकवता का?”

मी विचारलं, “कुठल्या अवस्थेतला?”

त्या हसल्या नाहीत. मग मीही तोंड सरळ केलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं माहेर बोर्ली पंचतनचं. तिथे त्यांच्या थोरल्या बहिणीची, माईंची मुलगी प्राजक्ता, तिचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात नवरीला मामाने उचलून मांडवात आणायची पद्धत. मामा एकच होता, बबन, या दोघींचा धाकटा भाऊ. ट्रक चालवायचा. लहानपणी प्राजक्ताला खांद्यावर बसवून बोर्लीचा बाजार फिरवायचा आणि सांगायचा, की कितीही जाडी झालीस तरी मांडवात मीच आणणार. तो मागच्या पावसाळ्याच्या आधी आजारात गेला.

आता माईंनी पेणच्या चुलतभावाला, दत्तूमामांना, मामा म्हणून उभं करायचं ठरवलं होतं. सुलभाताई माईंना म्हणाल्या, मामा नाही तर उसना कशाला आणायचा, मी आहे ना. माई आधी हसल्या. बहीण खरंच बोलते आहे हे लक्षात आल्यावर चिडल्या. भर मांडवात पोरगी पडली तर काय शोभा, आणि केवढा अपशकुन. त्यांचं शेवटचं वाक्य सुलभाताईंनी मला जसंच्या तसं ऐकवलं, “सुले, पाडलीस ना तिला, तर जन्मात तुझ्याशी बोलायची न्हाय मी.”

भाऊ गेला होता. उरलेली बहीण पणाला लावून ही बाई माझ्यासमोर उभी होती. मी म्हटलं, उद्यापासून सुरू करू.

गुप्तता पाळायची ठरली आणि ती आमच्या पद्धतीने पाळली, म्हणजे दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला माहीत होतं. पण वर्गाबाहेर शब्द गेला नाही. सुपारीच्या पोत्याला रुबीनाभाभींनी एक जुनी जरीची ओढणी गुंडाळली, वर नारळ बांधला आणि ती झाली आमची नवरी. सुलभाताई तिला घेऊन वखारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या. आम्ही बाकीच्या तोंडाने बँजो वाजवायचो. आधी अर्धं पोतं, मग पाऊण, मग भरलेलं. वालाचं बिरडं चालू होतं, अंडी चालू होती, मधली तुकडी चालू होती आणि वसंतराव काटे काढत होते.

पण पोतं हसत नाही, हलत नाही, गळ्यात हात टाकत नाही. खरं माणूस हवं होतं. रुबीनाभाभी पुढे आल्या. त्या अंगाने माझ्यासारख्याच, म्हणजे सुखवस्तू. डोळे मिटून म्हणाल्या की उचल, पडले तर कुवेतला कळवू नका. सुलभाताईंनी एक हात गुडघ्यांखाली घातला, एक पाठीमागे, श्वास घेतला आणि उभ्या राहिल्या. भाभी वर गेल्या आणि त्यांनी मिटलेले डोळे उघडले. खाली उतरल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, “बाई, मला अब्बांनंतर कुणी उचललंच नव्हतं.” त्यानंतर त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकीला उचलून हवं होतं. सराव म्हणून, अर्थातच.

आता आमच्या हातून जी घोडचूक झाली तिच्याकडे येते. ही चूक करायला वेगळीच जात लागते, आणि ती आमची.

लग्न जवळ आलं आणि केळवणं सुरू झाली. नवरीला प्रत्येक नातेवाईक जेवायला बोलावतो. आज काकूकडे, उद्या आत्याकडे. अलिबागच्या एका ऑफिसात नोकरी करणारी, डब्यात काकडी नेणारी प्राजक्ता सुट्टी घेऊन घरी आली आणि पुरणपोळ्यांच्या हवाली झाली. हे मला आधी सुचायला हवं होतं. जगात असं हे एकच वजन असेल, जे आपण उचलायची तयारी करत असताना चार माणसं आग्रह करून वाढवत असतात.

त्याहून मोठं म्हणजे, आमच्याच वर्गाला उत्साह आला. सुलभाताईंची भाची म्हणजे आपलीच, असं म्हणून बायकांनी तिला श्रीवर्धनला केळवणाला बोलवायचा सपाटा लावला. एकीने वडे आणि कोंबडी केली. दुसरीने उकडीचे मोदक केले आणि वर तुपाची धार धरली ती सोडलीच नाही. रुबीनाभाभींनी बिर्याणी केली आणि वर शीरखुर्मा. मी स्वतः नारळीभात केला. वाढताना दुसरी मूद तिच्या पानात टाकली आणि समोर पाहिलं, तर सुलभाताई माझ्याकडे पाहत होत्या. पोत्याच्या दोरीला हात घालण्याआधी त्या जशा बघायच्या, अगदी तशाच. मी मूद उचलून माझ्या पानात घेतली, पण तोवर उशीर झाला होता.

प्राजक्ताला वजन विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. मावशीने बेत फक्त तिला सांगितला होता आणि तिची एकच अट होती, की वजनकाटा आणलात तर मी चालत येईन.

याच सुमारास एका दुपारी माझ्या दारात दत्तूमामा आले. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण पोट आधी आत आलं आणि मागून त्यांनी नाव सांगितलं. पेणला त्यांचा ट्रकचा धंदा. आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, बोर्लीला एक नवरी उचलायचीय. आन् माझी कंबर न्हाय साथ देत. काही झटपट व्यायाम हाय का?”

वाचकहो, माझा आनंद मला लपवता येईना, म्हणून मी पाणी आणायला आत गेले.

बाहेर येऊन मी त्यांना वखारीत नेलं आणि जरीच्या ओढणीतलं पोतं दाखवलं. म्हटलं, आधी हे उचला, मग ठरवू. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, पोत्याभोवती एक फेरी मारली, हात चोळले, परत पाहिलं आणि विचारलं की हिचा दुसरा कुणी मामा नाही का? सुलभाताईंचं नाव मी काढलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, की मोठ्या घरांत हल्ली मामा पुढे नाचत येतो आणि नवरीला मागून कुणीतरी आणतं. खरा मान नाचणाऱ्याचा. असं मी कुठल्याही मोठ्या घरात पाहिलेलं नाही. पण दत्तूमामांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, तो पाहून मलाही ते खरं वाटायला लागलं. मागून कोण आणणार, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

लग्नाच्या सकाळी आम्ही सगळ्या जणी रिक्षा करून बोर्लीला गेलो. माईंच्या अंगणात मांडव, कोपऱ्यात बँजो पार्टी. नवरदेव पाटाजवळ उभा होता, मध्ये अंतरपाट आणि माई शेजारी ओवाळणीचं ताट घेऊन. आतल्या खोलीत मी प्राजक्ताला तांदळाच्या पिंपावर बसवलं होतं. हा आमच्या धंद्यातला साधा हिशोब. वजन जमिनीवरून उचलण्यापेक्षा कंबरेच्या उंचीवरून घ्यावं, म्हणजे निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते. पिंपावर बसलेली नवरी दिसायला बरी दिसत नाही, पण ते फोटो मी कुणाला काढू दिले नाहीत.

दत्तूमामा नवा कुर्ता घालून आत आले. नऊवारी, दागिने, मुंडावळ्या आणि महिनाभराची केळवणं हे सगळं एकत्र बघून त्यांनी मोठा श्वास घेतला. मग त्यांना सुलभाताई दिसल्या. पदर खोचलेला, पाय अंतरावर रोवलेले. ते समजले. क्षणभर मला वाटलं, मान आडवा येणार. ते म्हणाले, “सुलभे, मी फुडं नाचतो. तू आण पोरीला.” आणि डोळे पुसून ते खरंच नाचत बाहेर गेले.

सुलभाताईंनी श्वास भरला. प्राजक्ताने गळ्यात हात टाकले. नवरी उचलली गेली.

अंगणात त्या दिसल्या मात्र, मांडवातून एक आवाज उठला आणि विरला. माईंचा चेहरा मी लांबून पाहिला. ताट हातात थिजलेलं. बँजोवाल्याने हे असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याला चेव आला. दत्तूमामांनाही आला. मी त्यांना पुढे नाचायला सांगितलं होतं, पुढे जायला सांगायचं राहून गेलं. ते दोन पावलं पुढे जात आणि तीन मागे येत. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना माणसं, मधोमध सुलभाताई नवरीला घेऊन अडकलेल्या. आम्ही चालायचा सराव केला होता. उभं राहायचा केलाच नव्हता, आणि वजन घेऊन उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट.

मी बँजोवाल्याला हाताने थांबायची खूण केली. त्याने ती ‘आणखी जोरात’ अशी समजून घेतली. मी दोन्ही हात हलवले. त्याने गाणं पहिल्यापासून धरलं. सुलभाताईंचे ओठ आवळलेले दिसत होते, कानशिलावरून घाम ओघळत होता. डावा कोपर जरासा खाली आला. वर्गात कोपर खाली आला की मी ओरडते. तिथे ओरडून काय उपयोग होता? प्राजक्ता त्यांच्या कानात काहीतरी बोलत होती. नंतर कळलं, ती म्हणत होती की मावशी, ठेव मला, मी चालते. आणि मावशी फक्त नकारार्थी मान हलवत होत्या.

रुबीनाभाभी माझ्या शेजारी होत्या, त्या एकदम दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या क्षणी त्या बँजो पार्टीच्या मागे होत्या आणि स्पीकरची वायर त्यांच्या हातात होती, पिनसकट.

अशी शांतता बोर्लीच्या कुठल्याही लग्नात कधी झाली नसेल. दत्तूमामा एक पाय वर धरून थांबले. आपलं काय चुकतंय ते त्यांना तेव्हा कळलं आणि ते बाजूला झाले, अगदी अदबीने, हाताने वाट दाखवत. सुलभाताईंनी नवा श्वास घेतला, कोपर परत वर नेला आणि चालायला लागल्या. पाऊल वाजत होतं तेवढंच. पाटापाशी आल्या. उचलण्यापेक्षा ठेवणं कठीण असतं, हे मी प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते. वजन टाकायचं नाही, ते शेवटपर्यंत आपलंच असतं. सुलभाताईंनी गुडघे दुमडले. पाठ सरळ, हनुवटी वर. नवरीचे पाय पाटाला लागले ते कुणाला ऐकूही आले नाहीत. मग त्यांनी हात काढून घेतले आणि बहिणीकडे पाहिलं.

माई काही बोलणार नाहीत, असं मला वाटलं. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. आणि त्या शांततेत, थेट मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्या म्हणाल्या, “हळू ठेवलीस गं, सुले. बबन्या आपटायचा हिला.”